विमान उतरल्यावर बस धरताना

पुण्याहून सुटलेले विमान दीड-पावणेदोन तासांत बंगळूरला टेकते. तिथून इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या लेकाच्या घरी पोहोचायला मात्र संध्याकाळच्या गर्दीत त्याहून जास्त वेळ जातो. विमानतळ शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीजवळ आणि इलेक्ट्रॉनिक सिटी पार दक्षिणेच्या टोकाला. मधले अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक. टॅक्सीचे भाडे सहज हजाराच्या पुढे जाते आणि पाऊस असेल, रात्र असेल तर त्यावर आणखी चढते. एवढे पैसे मोजून टॅक्सी हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळ ज्या कोंडीत अडकते, त्याच कोंडीत तिच्या शेजारी विमानतळाची एसी बसही उभी असते.

बस आणि टॅक्सी यांची तुलना करताना हे आधी लक्षात घ्यायला हवे. रस्ता एकच, कोंडी एकच. फरक पडतो तो दोन टोकांना: बस मिळेपर्यंत किती थांबावे लागते आणि बसमधून उतरल्यावर घर किती लांब राहते. ही दोन टोके आधी ठरवून ठेवली, तर विमानतळाची बस हा तडजोडीचा पर्याय राहत नाही, अनेकदा तोच सर्वात सोयीचा ठरतो. ती ठरवली नाहीत, तर मात्र वाचवलेले सगळे पैसे शेवटच्या चार किलोमीटरच्या रिक्षात जातात आणि वर मनस्तापही होतो.

बंगळूरचे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण महाराष्ट्रातून नोकरीसाठी तिथे गेलेल्यांची आणि त्यांना भेटायला जाणाऱ्या आई-वडिलांची संख्या मोठी आहे. शिवाय देशात विमानतळ आणि शहर यांना जोडणारी बससेवा जिथे खऱ्या अर्थाने रुजली, अशा मोजक्या शहरांत बंगळूर येते. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ साली सुरू झाला, तेव्हा तो शहरापासून इतका लांब होता की बसची सोय केल्याशिवाय भागणारच नव्हते. तिथल्या महानगर परिवहन महामंडळाने, म्हणजे बीएमटीसीने, 'वायू वज्र' नावाने एसी बस सुरू केल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'केआयए' ही अक्षरे असतात. शहराच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे मार्ग जातात आणि ही सेवा रात्रीही चालू असते. बसच्या पाटीवर कन्नड आणि इंग्रजी मजकूर आळीपाळीने दिसतो, त्यामुळे कन्नड येत नसले तरी अडत नाही.

नवखा प्रवासी इथेच गडबडतो. तो विचारतो, "सिटीत जाणारी बस कुठली?" बंगळूरमध्ये 'सिटी' असे एक ठिकाण नाही. कोणी मल्लेश्वरमला राहते, कोणी व्हाइटफील्डला, कोणी बनशंकरीला. विचारायचे असते ते आपल्या भागाचे किंवा त्याच्या जवळच्या मोठ्या चौकाचे नाव. त्यासाठी विमानात बसण्यापूर्वीच ज्याच्याकडे जायचे त्याला एक प्रश्न करावा: "तुझ्या घराजवळ विमानतळाची बस कुठे थांबते, आणि तिथून घरी कसे यायचे?" पत्ता सगळेच पाठवतात, थांब्याचे नाव क्वचितच कोणी पाठवते. बसने जाणाऱ्याला पत्त्याइतकेच थांब्याचे नाव महत्त्वाचे असते.

आता दोन मार्ग ध्यानात ठेवण्यासारखे. केआयए-९ ही बस मॅजेस्टिकला, म्हणजे केंपेगौडा बस स्थानकाला जाते. समोरच बंगळूरचे मुख्य रेल्वे स्थानक, बाजूला राज्यभर जाणाऱ्या एसटीसारख्या बसचे आगार आणि खाली मेट्रोच्या जांभळ्या व हिरव्या मार्गांचे जंक्शन. रेल्वेने पुढे हुबळीकडे जायचे असेल, तर ही बस सरळ आहे. केआयए-८ इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाते. रस्ता मोकळा असेल तर दीड तासाच्या आसपास, गर्दीत अडीच तासही लागतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आर. व्ही. रोडपासून इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रापर्यंत मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाल्यापासून आणखी एक तोड निघाली आहे. मॅजेस्टिकपर्यंत बस, तिथून हिरव्या मार्गाने आर. व्ही. रोड आणि पुढे पिवळा मार्ग. संध्याकाळी वाटेतल्या सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीतून सुटका होते. हातात एकच मध्यम बॅग असेल तर हा मार्ग चांगला. दोन मोठ्या बॅगा घेऊन दोनदा गाडी बदलण्याचा उद्योग मात्र करू नये. त्यापेक्षा थेट बसमध्ये बसून राहावे.

आपल्या मार्गाची बस नुकतीच सुटली असेल आणि पुढची यायला वेळ असेल तेव्हा हेब्बाळ कामी येते. विमानतळावरून शहरात येणाऱ्या बहुतेक बस बळ्ळारी रस्त्याने हेब्बाळपर्यंत येतात आणि तिथून फाटे फुटतात. काही सरळ मेखरी सर्कलकडे, म्हणजे शहराच्या मध्यभागी जातात, तर काही बाह्य वळणरस्त्याने डावीकडे नागवारा, के. आर. पुरम, मराठहळ्ळीच्या दिशेने. त्यामुळे मिळेल ती बस धरून हेब्बाळला उतरायचे आणि तिथून शहरातली साधी बस किंवा टॅक्सी घ्यायची, हे तिथले लोक सर्रास करतात. हेब्बाळहून टॅक्सी केली तरी विमानतळ ते हेब्बाळ हा वीसेक किलोमीटरचा पट्टा आणि वाटेतला टोल बसच्या तिकिटात आटोपलेला असतो. उतरायचे कुठे ते कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवावे, कारण हेब्बाळला पुलाखालचे रस्ते गुंतागुंतीचे आहेत आणि चुकीच्या बाजूला उतरले तर सामान घेऊन रस्ता ओलांडणे जिवावर येते.

विमानतळावर दोन टर्मिनल आहेत. दुसरे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये उद्घाटन होऊन २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाले. आपण कोणत्या टर्मिनलला उतरलो आणि बस कुठून सुटते हे बाहेर पडण्याआधीच मदत कक्षात विचारून घ्यावे. दोन्ही टर्मिनलदरम्यान मोफत शटल फिरते. बाहेर पडल्यावर टॅक्सीचे फलक मोठे आणि बोलावणारी माणसे बरीच असतात. बसचा फलक त्यामानाने लहान. तो दिसेपर्यंत कोणाच्याही मागे जाऊ नये.

सामानाची सोय या बसमध्ये चांगली असते. दारातून आत शिरल्यावर पुढच्या भागात लोखंडी कप्पे असतात. बॅग त्यात नुसती उभी ठेवली, तर पहिल्या ब्रेकला तिची चाके फिरतात आणि ती घरंगळत मधल्या जागेत येते. चाके बसच्या लांबीच्या दिशेला न येता आडवी येतील अशी बॅग ठेवावी, जमल्यास आडवीच निजवावी. तिच्या मुठीला एखादी रंगीत चिंधी बांधली की उतरताना सारख्या दिसणाऱ्या काळ्या बॅगांत शोधाशोध होत नाही. कागदपत्रे, औषधे, दागिने, लॅपटॉप यांची लहान पिशवी मात्र मांडीवरच हवी. आणि शक्यतो कप्प्यावर नजर राहील अशा जागी बसावे.

तिकीट बसमध्येच मिळते, यूपीआयही चालते. तरी थोडे सुट्टे पैसे खिशात असू द्यावेत. उतरल्याउतरल्या फोनची बॅटरी संपलेली असणे किंवा नेटवर्क न मिळणे नवे नाही. सवलतींबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. महाराष्ट्रात एसटीने जाणाऱ्या महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. ही सवलत एसटीची. दुसऱ्या राज्यातल्या बसमध्ये ती चालत नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून असलेली 'शक्ती' योजना तिथल्या रहिवासी महिलांसाठी आणि साध्या बसपुरती आहे, एसी वायू वज्रमध्ये तिचा उपयोग नाही. आधार कार्ड पुढे करून कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मैसूरला जाणाऱ्यांनी तर बंगळूर शहरात शिरूच नये. कर्नाटक राज्य परिवहनाची 'फ्लायबस' विमानतळावरून थेट मैसूरला जाते. तिचे आरक्षण आधी करता येते. फक्त विमान उतरण्याची वेळ आणि बस सुटण्याची वेळ यांत पुरेसे अंतर ठेवावे. विमान अर्धा तास उशिरा आले आणि बॅग पट्ट्यावर यायला आणखी वीस मिनिटे लागली, तर घट्ट बसवलेले वेळापत्रक कोलमडते.

इथवरचे सगळे येतानाचे. जातानाचे गणित पूर्ण वेगळे असते, आणि बसच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते ती इथेच. येताना बसला तासभर उशीर झाला तर जेवण थंड होते. जाताना झाला तर विमान जाते. देशांतर्गत उड्डाणांची चेक-इनची खिडकी साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. समजा रात्री नऊचे विमान आहे आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतून निघायचे आहे. बॅग द्यायची असेल तर सातपर्यंत विमानतळावर असायला हवे. संध्याकाळी बाह्य वळणरस्त्याची गर्दी धरून बसला अडीच तास. बसची वाट पाहण्यात अर्धा तास. म्हणजे चारला थांब्यावर उभे राहायला हवे. विमान नऊचे असताना चारला घर सोडणे अनेकांना अतिरेक वाटतो. ते पटत नसेल तर त्या दिवशी बसचा विचार सोडून द्यावा. मात्र अशा वेळी टॅक्सीलाही त्याच रस्त्याने जायचे असते, हे विसरून पावणेसहाला निघणाऱ्यांचीच धावपळ होते. पहाटेच्या विमानासाठी याउलट बस उत्तम. रस्ते मोकळे असतात आणि पहाटे तीन-चारला ठरवलेली टॅक्सी ऐनवेळी रद्द होण्याची धास्ती राहत नाही.

जाताना बस शक्यतो जिथून सुटते तिथूनच धरावी. मधल्या थांब्यावर येईपर्यंत सामानाचे कप्पे भरलेले असतात आणि बॅग पायात घेऊन उभे राहावे लागते.

आता इतर शहरांकडे वळू. पुण्यात लोहगाव विमानतळाचे नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. इथे अंतर कमी, पण नगर रस्त्याची गर्दी जुनी. त्यामुळे पुण्यात बसचा सर्वात चांगला उपयोग म्हणजे पीएमपीने रामवाडी मेट्रो स्थानक गाठणे. ते विमानतळापासून पाचेक किलोमीटरवर आहे. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत धावते आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पाही खुला झाला. म्हणजे सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे जाणाऱ्याने रामवाडीला मेट्रो धरावी, जिल्हा न्यायालय स्थानकात मार्ग बदलावा आणि स्वारगेटला एसटी पकडावी. वनाज, कोथरूडकडे जाणाऱ्याला तर बदलावेही लागत नाही. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: शिवाजीनगरचे एसटी स्थानक डिसेंबर २०१९ पासून वाकडेवाडीला हलले आहे. बरेच दिवसांनी पुण्यात येणारी माणसे अजूनही जुन्या जागी जाऊन उभी राहतात. पीएमपीची बस कुठवर आली आहे ते तिच्या 'आपली पीएमपीएमएल' या ॲपवर पाहता येते.

मुंबईत स्पष्टच सांगायचे तर सामान असेल तेव्हा बस हा पहिला पर्याय नव्हे. भूमिगत मेट्रो-३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत पोहोचली. दोन्ही टर्मिनलना तिची स्वतंत्र स्थानके आहेत. मरोळ नाक्याला मेट्रो-१ मिळते आणि तिने पश्चिमेला अंधेरी, पूर्वेला घाटकोपर, म्हणजे दोन्ही लोकल मार्ग गाठता येतात. बेस्टची बस उपयोगी पडते ती एकच पाठपिशवी घेऊन अंधेरी-पार्ल्याच्या आसपास जाणाऱ्याला. २०२५ च्या मे महिन्यात भाडे वाढूनही पहिल्या पाच किलोमीटरला साध्या बसचे १० आणि एसीचे १२ रुपये होतात. लोकलच्या गर्दीच्या वेळी चाके लावलेली मोठी बॅग घेऊन डब्यात शिरणे हा मात्र स्वतःवर आणि इतरांवर अन्याय आहे. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात ते टाळावेच.

गोव्यात सर्वात आधी तिकीट नीट वाचावे. दोन विमानतळ आहेत: दक्षिणेत वास्कोजवळचा दाबोळी आणि उत्तरेत पेडणे तालुक्यातला मोपा, जो जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. तिकिटावर दाबोळीसाठी 'जीओआय' आणि मोपासाठी 'जीओएक्स' अशी अक्षरे असतात. दोन्हींत साठेक किलोमीटरचे अंतर. मडगावला राहायचे आणि उतरायचे मोपाला, असे झाले की विमानाच्या तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. गोव्यात मोठ्या शहरांसारख्या ओला-उबर मिळत नाहीत आणि टॅक्सीचे दर जास्त आहेत, म्हणून इथे कदंब महामंडळाच्या बसचे मोल अधिक. मोपाहून पणजी, मडगाव आणि किनाऱ्याच्या भागाकडे कदंबच्या इलेक्ट्रिक बस सुटतात. त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, बंगळूरसारखी सतत ये-जा नसते. त्यामुळे विमान उतरल्यावर आधी कदंबचा काउंटर गाठून पुढच्या बसची वेळ विचारावी आणि मग चहापाण्याचे बघावे.

पणजीला कदंब स्थानकावर उतरले की पुढचे सोपे असते. मडगावला आणि वास्कोला जाणाऱ्या विनाथांबा शटल बससाठी तिथे खिडकीवर तिकीट काढून रांगेत उभे राहायचे, आपला नंबर आला की बसमध्ये शिरायचे. रांग लांबलचक दिसली तरी ती भराभर पुढे सरकते. आडवाटेच्या गावांना जाणाऱ्या खासगी बस मात्र संध्याकाळनंतर झपाट्याने कमी होतात. रात्री उशिरा उतरणाऱ्याने पणजी किंवा म्हापशापर्यंतचाच भरवसा धरावा आणि पुढे नेणारे कोणी आधी ठरवून ठेवावे. बांदा, सावंतवाडीकडच्या लोकांना मोपा जवळ पडतो, पण राज्याची हद्द मध्ये येत असल्याने तिथून घरापर्यंत थेट बस मिळेलच असे धरून चालू नये. न्यायला गाडी येणार असेल तर ठीक.

हैदराबादला शमशाबादच्या विमानतळावरून 'पुष्पक' नावाच्या एसी बस सिकंदराबाद, गच्चीबावली वगैरे भागांकडे जातात. तिथेही नियम तोच. सिकंदराबाद रेल्वे स्थानकाकडे जायचे की आयटीच्या भागात, हे आधी ठरवायचे, कारण दोन्ही बस वेगवेगळ्या दिशांना जातात.

परदेशात राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या पालकांनीही बसला घाबरू नये. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून 'क्यू-७०' ही बस २०२२ पासून चक्क मोफत आहे. ती क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला भुयारी रेल्वेशी जोडून देते, आणि हा भाग भारतीय वाणसामानाच्या दुकानांमुळे आपल्या लोकांना चांगला परिचयाचा आहे. लंडनच्या लाल बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. टेकवून पैसे देता येणारे कार्ड लागते. भारतातून निघतानाच आपल्या कार्डावर परदेशातले व्यवहार आणि कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावी. तिथे उतरल्यावर अनेकदा ओटीपी येत नाही आणि मग हे काम अडते.

बस कधी घेऊ नये, हेही सांगायला हवे. चौघे एकत्र असतील तर चार एसी तिकिटांची बेरीज टॅक्सीच्या भाड्याच्या जवळ जाते. गुडघे दुखणारे आई-वडील, तान्हे बाळ, डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलेली व्यक्ती सोबत असेल तर पैशाचा विचार बाजूला ठेवावा. एकट्या स्त्रीने मध्यरात्री उतरल्यावर विमानतळाच्या बसने जाणे बहुधा सुरक्षित असते, कारण आत चालक, सहप्रवासी आणि दिवे असतात. प्रश्न उतरल्यानंतरचा असतो. अशा वेळी घराजवळचा निर्मनुष्य थांबा न निवडता मोठे, वर्दळीचे बस स्थानक निवडावे, घरच्या कोणाला तिथे बोलवावे, आणि ते जमत नसेल तर विमानतळावरच उजाडेपर्यंत थांबून पहिली बस धरावी.

तिकीट मिळाल्यावर त्याचा आणि बसच्या नंबर प्लेटचा एकेक फोटो काढून ठेवावा. बॅग किंवा छत्री बसमध्ये राहिली तर चौकशी केंद्रावर पहिला प्रश्न मार्ग क्रमांक, गाडी नंबर आणि वेळ हाच असतो. ही माहिती हाताशी असेल तर आगाराला त्या कंडक्टरपर्यंत निरोप पोहोचवता येतो. नाहीतर त्या मार्गावर दिवसभरात धावलेल्या सगळ्या गाड्यांत ती शोधायची वेळ येते.